बिल इव्हान्सचा ‘पोर्ट्रेट इन जॅझ’: अनेक महिने ऐकल्यानंतर

जॅझमधला पियानो ट्रिओ (पियानो, बास आणि ड्रम्स असं त्रिकूट) ऐकायला सुरुवात करणाऱ्याला मी आता बेधडक हाच अल्बम सुचवतो. बरेच महिने तो माझ्याकडे वाजतोय आणि अजून जुना झालेला नाही. २८ डिसेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये तो ध्वनिमुद्रित झाला आणि रिव्हरसाइड कंपनीनं काढला. पियानोवर बिल इव्हान्स, बासवर (उभं धरून वाजवायचं खर्जाचं मोठं तंतुवाद्य) स्कॉट लाफारो, ड्रम्सवर पॉल मोटियन.

गाणी बहुतेक सगळी ‘स्टँडर्ड्स’, म्हणजे न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या संगीत नाटकांतून आणि सिनेमांतून आलेली, शेकडो जणांनी वाजवलेली. एकच बंदिश वेगवेगळे गवई आपापल्या अंगानं मांडतात, तसंच हे. चाल ओळखीची असते, लक्ष राहतं ते मांडणीकडे.

‘ऑटम लीव्ह्ज’ ही जोसेफ कोस्माची चाल. मुखडा संपला की बासनं ठेका धरायचा आणि पियानोनं पुढे जायचं, अशी अपेक्षा असते. इथे तसं होत नाही. लाफारो वरच्या स्वरांत जाऊन स्वतःची वाक्यं बोलू लागतो, इव्हान्स अर्ध्यावर थांबून त्याला जागा देतो, मोटियनही नुसती लय मोजत बसत नाही. मग बास सरळ ठेक्यात चालू लागतो आणि तिघं एकदम धावत सुटतात. तो क्षण मला अजूनही उठून बसवतो! साथ आणि मुख्य वादन यांतली रेघ इतक्या प्रेमानं पुसलेली मी फार थोड्या ठिकाणी ऐकली आहे.

ऐकण्याच्या साधनाबद्दल एक सांगायलाच हवं. मोबाइलच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकू नका. बास जवळजवळ गायब होतो आणि उरतो तो नुसता गोड पियानो. साधे पण चांगले हेडफोन लावले तरी लाफारोची बोटं तारांवरून सरकताना कळतात.

सीडीवर ‘ऑटम लीव्ह्ज’चं मोनो रूप स्टीरिओ रूपाच्या लगेच पाठोपाठ येतं. दोन्ही सुंदर, पण सलग ऐकताना अल्बमचा ओघ तुटतो. मी दुसरं वेगळं काढून ऐकतो.

‘विचक्राफ्ट’ आणि इव्हान्सची स्वतःची ‘पेरीज स्कोप’ छान, खेळकर. १९३७च्या ‘स्नो व्हाइट’मधलं ‘समडे माय प्रिन्स विल कम’ तीन मात्रांच्या चालीत झुलतं. पण जास्त टिकतात ती संथ गाणी. ‘स्प्रिंग इज हिअर’मध्ये चालीचे स्वर फारसे बदलत नाहीत, त्यांच्याखालचे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) मात्र असे बदलत जातात की तोच स्वर पुढच्या क्षणी वेगळ्या उजेडात येतो. हे कळायला मला बऱ्याच फेऱ्या लागल्या, आणि प्रत्येक फेरी सार्थकी लागली.

शेवटचं ‘ब्लू इन ग्रीन’ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बमवर १९५९मध्येच आधी येऊन गेलं होतं, तेव्हाही पियानोवर इव्हान्सच होता. इथे रचनेचं श्रेय डेव्हिस आणि इव्हान्स दोघांना आहे. मला हे रूप अधिक जवळचं वाटतं.

जुलै १९६१मध्ये लाफारो मोटार अपघातात गेला, अवघ्या २५व्या वर्षी. त्यामुळे या तिघांची ध्वनिमुद्रणं मोजकीच आहेत. हा अल्बम मुरला की लगेच याच तिघांचा ‘एक्स्प्लोरेशन्स’ घ्या, आणि त्यानंतर जून १९६१ची, न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबमधली मैफल.