शहाबादी की व्हिट्रिफाइड?

लातूरच्या जुन्या घराचं काम काढलं आणि पहिला वाद झाला फरशीवरून. मुलाला दोन बाय दोन फुटांची व्हिट्रिफाइड, म्हणजे भट्टीत काचेसारखी घट्ट भाजलेली टाइल हवी, आईला तीच करडी शहाबादी. शहाबाद आज कर्नाटकात, पण निजामाच्या राजवटीत आपण एकाच मुलखातले. इथल्या घरांना हा दगड परका नाही. मे महिन्यात पारा 42 वर गेला की दुपारी नुसत्या शहाबादीवर आडवं व्हा, गादी नकोशी होते. पॉलिश केली तर नव्या सोफ्याखालीही शोभते. खोट एकच, पण मोठी: हा चुनखडीचा दगड. लिंबू-चिंच सांडली की पांढुरका डाग पडतो, पुसून जात नाही. आमच्या ओट्याजवळ असा एक आहे, लोणच्याच्या बरणीएवढा गोल.

व्हिट्रिफाइड पाणी जेमतेम अर्धा टक्का पिते, तेल-हळद फडक्यानं निघते. ओली झाली की मात्र घसरते. घरात म्हातारं माणूस असेल तर मॅटच, म्हणजे बिनचकाकीची, घ्या.

शेवटी बैठकीत शहाबादी, स्वयंपाकघरात मॅट टाइल. दोन्हींची जाडी वेगळी, म्हणून मिस्त्रीला लेव्हल आधीच सांगा. आम्ही सांगितली नाही. उंबऱ्याशी अर्धा इंच चढ राहिला, आणि आई त्याचं खापर रोज टाइलवर फोडते.