नळी, डायपर की कमोडची खुर्ची?

दवाखान्यातून सोडताना गोळ्यांची चिठ्ठी समजावून सांगतात. घरी आल्यावर पहिला फोन मात्र वेगळ्याच गोष्टीसाठी येतो. "सिस्टर, आबांच्या लघवीचं काय करायचं ओ?" मंगळवार पेठेतल्या जुन्या घरात संडास मागच्या अंगाला, दोन पायऱ्या उतरून. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला तिथवर न्यायचं कसं? मग घरचेच म्हणतात, "लघवीची नळी ऱ्हाऊ दे की, बरं पडतंय."

कुणाला बरं पडतंय, ते आधी ठरवा.

लघवी तुंबत असेल किंवा कमरेखालची जखम सारखी भिजत असेल, तर नळी हवीच. चादर ओली होते एवढ्यासाठी नको. नळी महिनाभर राहिली की बहुतेकांच्या लघवीत जंतू सापडतातच. नळीला जोडलेली लघवीची पिशवी कमरेच्या खाली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. एका घरी फरशी पुसताना मध्ये येते म्हणून ती थेट उशाशी टांगलेली होती. खाली यायची ती लघवी नळीतून परत पोटाकडे! शिवाय नळी मूत्राशयात फुगवलेल्या छोट्या फुग्यावर अडकलेली असते. भ्रम झालेल्या माणसानं रात्री हिसडा मारला, तर रक्तच येतं. साधी रबरी नळी दोन ते चार आठवड्यांत बदलायची, सिलिकॉनची जास्तीत जास्त 12 आठवडे. एक फायदा खरा, लघवीचं माप कळतं. ताशी 30 मिलीच्या खाली आली तर आधी नळी कुठं दुमडली नाही ना ते बघा, मग डॉक्टरांना कळवा.

डायपर बिनकटकटीचा, पण त्वचेची वाट लावतो. शी झाली की लगेच बदला, पाण्यानं धुऊन मऊ कापडानं टिपून घ्या, घासू नका. पावडर नको, तिचे गोळे होतात. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. ज्याला लघवीची जाणीव होते, त्यालाही "त्यातच करा" म्हणतात. थोड्या दिवसांत तो माणूस सांगायचाच सोडतो. रात्रीपुरता वापरा, हरकत नाही.

आधार दिल्यावर बसता येत असेल तर मी कमोडची, म्हणजे खाली भांडं असलेली खुर्चीच सुचवते. डॉक्टरांनी बसायची परवानगी दिलेली असावी आणि उठवायला धडधाकट माणूस हवा. सकाळचा चहा पोटात गेला की आतडी हलतात, तेव्हा अर्ध्या तासाच्या आत बसवा. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट द्या (खुब्यावाल्यांना नको, गुडघे कमरेच्या वर जाता कामा नयेत). लघवीसाठी दर दोन-तीन तासांनी विचारायचं. पुरुषांना रात्री उशाजवळ पॉट पुरतो.

बद्धकोष्ठ मात्र यातल्या कशानंच सुटत नाही. चार-पाच दिवस परसाकडं झालं नाही आणि मग एकदम पातळ पाझरायला लागलं, तर "पोट बिघडलंय" म्हणून जुलाब बंद करायची गोळी देऊ नका. आत घट्ट शीचा खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेनं पातळ वाट काढतं. अशा वेळी तपासणीच करून घ्यायची.

खुर्ची भाड्यानं घ्या नाहीतर विकत, दुकानात स्वतः बसून बघा. चाकं असली तर ब्रेक घट्ट लागतो का, भांडं मागून काढता येतं का, हे बघूनच पैसे द्या.