घरबसल्या जर्नल्स: लॉगिनला पाच स्टार, आमच्या ऑफिसला एक

पीएचडीचं पहिलं वर्ष मी रिसर्च पेपर वाचायला लोकलने जायचो. म्हणजे खरंच, कारण जर्नल्स फक्त कॅम्पसच्या नेटवर उघडायची, मग रविवारी एखादा रेफरन्स अडला की सोमवारी डोंबिवलीवरून फास्टला लटकून यायचं नि पेनड्राइव्ह भरून परत जायचं. शेवटी लायब्ररीतल्या मॅडमनी इन्फेडचं लॉगिन करून दिलं, दोन वर्षं वापरतोय म्हणून लिहितोय.

इन्फेड ही गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची, म्हणजे विद्यापीठांच्या लायब्रऱ्या जोडणाऱ्या सरकारी केंद्राची सोय. जर्नलच्या साइटवर आपल्या संस्थेचं नाव शोधायचं, तिथून तुम्ही संस्थेच्या लॉगिन पानावर जाता, पासवर्ड तिथेच टाकायचा, आणि प्रकाशकाला फक्त निरोप जातो की हा आमचाच माणूस आहे, आत सोडा. पासवर्ड त्याच्या हाती लागतच नाही, हे मला सगळ्यात आवडलं, नाहीतर आधी मी प्रत्येक साइटवर वेगळं अकाउंट काढून सगळीकडे एकच पासवर्ड ठेवला होता (हसू नका, तुम्हीपण तेच करता). १ जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही केंद्र सरकारची योजना आल्यावर तर ३० प्रकाशकांची १३ हजारांच्या आसपास जर्नल्स सरकारी संस्थांना मिळायला लागली, त्यामुळे घरून लॉगिन चालणं आता चैन राहिलेली नाही.

दुसरं एज्युरोम, वायफायवालं, म्हणजे आपल्याच संस्थेच्या लॉगिनवर दुसऱ्या संस्थांतही वायफाय मिळतं. पवईला आयआयटीत एका वर्कशॉपला गेलो, बॅगेतला फोन आपोआप जोडला गेला, ना गेस्ट फॉर्म ना ओटीपी. बाजूला बसलेल्या मुलीचं मात्र होईना, बघितलं तर युजरनेम अर्धंच टाकलेलं. स्वतःच्या कॅम्पसवर कधीकधी तेवढ्यावर भागतं पण बाहेर ॲट द रेटच्या पुढचं सगळं लागतं, कारण त्यावरूनच कळतं की विचारणा कुठल्या संस्थेच्या सर्व्हरकडे पाठवायची. आणि सर्टिफिकेट (सर्व्हर खरा असल्याचा दाखला) तपासू नका असा पर्याय फोनमध्ये दिसला तर तो घेऊ नका, एज्युरोम नावाचं खोटं वायफाय कोणीही लावू शकतो.

आता रडगाणं. या सगळ्या गाड्याची भिस्त एकाच गोष्टीवर, संस्थेने "हा आमचा" म्हटलं की जग मान्य करतं. आणि आमच्याकडे ते कोण ठरवतं तर एस्टॅब्लिशमेंटच्या, म्हणजे नेमणुकांच्या नोंदी ठेवणाऱ्या ऑफिसच्या टेबलावरची एक एक्सेल फाइल. माझी फेलोशिप वाढली, पत्र आलं, पण त्या फाइलीत शेवटची तारीख जुनीच राहिली आणि पेपर सुधारून जर्नलला परत पाठवायच्या ऐन आठवड्यात लॉगिन बंद. लायब्ररी म्हणे आयटीकडे जा, आयटी म्हणे एस्टॅब्लिशमेंटकडून मेल आणा, तिथले साहेब लीव्हवर. अकरा दिवस! त्यात ऑर्किडवर (ORCID, संशोधकाला कायमचा ओळख नंबर देणारी साइट) सगळीकडे तोच कॉलेजचा मेल टाकलेला, तोही बंद. तेव्हा आधी जाऊन तिथे जीमेल जोडा, तो सोळा आकडी नंबर आपला असतो, संस्थेचा नाही.

मग त्या अकरा दिवसांत पेपर कुठून मिळाले? आमचा एक सिनियर दादा, दोन वर्षांपूर्वीच सोडून बंगलोरला कंपनीत लागलेला. त्याचं लॉगिन मस्त चालू होतं. कालपण चालू होतं.