पत्रातली माहिती खरी होती, पत्र खोटं होतं

मी मिरजेजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. मुलगी बी.ए.एम.एस. झाली आणि तिला ब्रिटनमध्ये सार्वजनिक आरोग्याच्या मास्टर्सला प्रवेश मिळाला. फी पाहून आम्ही गप्प बसलो होतो. तेवढ्यात तिच्या व्हॉट्सॲपवर मेसेज आला. ‘आंतरराष्ट्रीय सद्भावना दूत शिष्यवृत्ती’, तीस हजार डॉलर, तुमच्या नावाची शिफारस झाली आहे. एका शैक्षणिक मेळाव्यात तिने नाव आणि नंबर लिहून दिला होता, तिथूनच तो गेला असावा.

मी आंधळेपणाने विश्वास ठेवला नाही. त्यांच्याकडून रोटरी या आंतरराष्ट्रीय सेवासंस्थेच्या नावाने पत्र आलं होतं. त्यात तिच्या शिष्यवृत्तीचा इतिहास दिला होता, तो मी तपासला. रोटरीचे संस्थापक पॉल हॅरिस जानेवारी १९४७ मध्ये वारले, त्यांच्या स्मरणार्थ देणग्यांचा ओघ लागला आणि त्याच वर्षी परदेशी शिक्षणासाठी पहिल्या १८ जणांना शिष्यवृत्त्या दिल्या गेल्या. सगळं बरोबर निघालं. निवडलेला विद्यार्थी परदेशात आपल्या देशाचा सद्भावना दूत असतो, तिथल्या क्लबांमध्ये जाऊन त्याने आपल्या देशाविषयी भाषणं द्यायची असतात, हेही खरं होतं. माहिती खरी म्हणजे माणसं खरी, असं मी धरून चाललो. माझी चूक तिथे झाली.

मुलाखत व्हिडिओ कॉलवर झाली. समोर तिघं होते, भाषा अदबीची, मुलीला ‘डॉक्टर’ म्हणत होते. तिला ‘माझा देश’ या विषयावर वीस मिनिटांचं भाषण तयार करायला सांगितलं होतं. पोरगी आठ रात्री जागली. मिरजेत सतार आणि तंबोरा बनवणाऱ्या कारागिरांकडे गेली, भोपळा कसा वाळवतात, तारा कशा जुळवतात याचे फोटो काढून आणले. भाषण संपल्यावर त्या तिघांनी टाळ्या वाजवल्या. दाराआड उभं राहून ऐकताना माझे डोळे भरून आले होते. त्या टाळ्यांचा राग मला पैशांपेक्षा जास्त आहे.

पैसे तीन टप्प्यांत गेले. आधी नोंदणीचे ४,५०० रुपये. मग ‘परत मिळणारी अनामत’ ६०,०००. तिसऱ्यांदा फोन आला की रक्कम रिझर्व्ह बँकेत अडकली आहे, कर भरला की सुटेल, १,२२,०००. हे मी शिक्षक पतसंस्थेतून कर्ज काढून भरले आणि घरात सांगितलं नाही. पैसे पाठवताना स्क्रीनवर संस्थेचं नाव नव्हतं, कुणा एका व्यक्तीचं नाव होतं. विचारलं तर म्हणाले, ‘सर, ते आमचे खजिनदार.’ रिझर्व्ह बँक सामान्य माणसाचं खातं ठेवत नाही, परदेशातून आलेली बक्षिसाची रक्कम सोडवायला कुणाकडून पैसेही घेत नाही, आणि याबद्दल लोकांना ती सतत सावध करते. हे मला नंतर कळलं.

चौथी मागणी आली तेव्हा मी तालुक्याच्या रोटरी क्लबच्या एका सदस्याला भेटलो. पत्र पाहून ते थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, ‘गुरुजी, ही योजना २०१३ लाच बंद झाली.’ आता त्या जागी ग्लोबल ग्रँट आहे. ती पदव्युत्तर शिक्षणासाठी मिळते, विषय रोटरीने ठरवलेल्या क्षेत्रांपैकी असावा लागतो आणि अर्ज आपल्या भागातल्या क्लब आणि डिस्ट्रिक्ट, म्हणजे अनेक क्लबांचा रोटरीचा विभाग, यांच्यामार्फतच जातो. जिथे शिकायला जायचं तिथल्या रोटरीचीही साथ लागते. म्हणजे आपल्याला ओळखणारी, आपल्या समोर बसलेली माणसं त्यात असतातच. पहिल्या मेसेजच्या दिवशी मी स्कूटर काढून यांच्याकडे आलो असतो तर वीस मिनिटांचं काम होतं.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती इथे मुद्दाम लिहितो. अमेरिकेत शिकण्यासाठीची फुलब्राइट-नेहरू असो, ब्रिटनची चीव्हनिंग असो, की जपान सरकारची मेक्स्ट, या शिष्यवृत्त्यांच्या अर्जाला फी नाही. अर्ज आपण स्वतः करायचा असतो. अर्जच केला नसताना आपली निवड होत नाही.

त्याच दुपारी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन केला, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली आणि बँकेत लेखी अर्ज दिला. शेवटचे पैसे जाऊन चार दिवस झाले होते, बहुतेक रक्कम पुढे वळवली गेली होती. ३१,००० तेवढे एका खात्यात गोठवले गेले, तेही अजून हातात यायचे आहेत. तुमच्या बाबतीत असं काही घडलं तर लाजेपायी एक तासही घालवू नका. मी त्या चारपैकी दोन दिवस, संशय आला असूनही, घरी कसं सांगू, या विचारातच काढले.

सांगितलं तेव्हा मुलीची आई मला एक शब्द बोलली नाही. मुलीने प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलून मागितला आहे आणि सध्या ती सांगलीत एका दवाखान्यात काम करते.

तीन आठवड्यांनी एका नव्या नंबरवरून फोन आला. ‘सर, तुमचे अडकलेले पैसे परत मिळवून देतो, फक्त ९,००० प्रक्रिया शुल्क.’ माझे किती गेले हे त्याला रुपयापर्यंत माहीत होतं. तो आकडा तोवर आमचं घर, बँक, पोलीस आणि ते लोक यांच्याबाहेर गेलेला नव्हता. मी फोन ठेवला आणि नंबर घेऊन तसाच पोलीस ठाण्यात गेलो.