गुंतवणूक देतो म्हणणाऱ्यांनी आधी आमच्याकडूनच पैसे घेतले

बडोद्यात कॉलेजात शिकता शिकता स्वतःचं काहीतरी उभं करू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहिते आहे. गुंतवणूकदार मिळवून देतो असं सांगून आम्हा तिघांकडून १,३३,४९९ रुपये घेतले गेले. पैसे चार वेळा घेतले आणि प्रत्येक वेळी कारण वेगळं दिलं. ती कारणं कशी पुढे येतात हे आधीच माहीत असलं तर पहिल्याच पायरीवर माणूस थांबतो, म्हणून सगळं सविस्तर सांगते.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली होती, ते बडोद्यातल्या कुणालाच विसरता येणार नाही. आमच्या ओळखीतल्या कितीतरी घरांच्या तळमजल्यावर पाणी शिरलं, पार्किंगमधल्या गाड्या गेल्या. त्यातूनच आम्हाला सुचलं की सोसायटीच्या तळघरात आणि बाहेरच्या नाल्यात पाण्याची पातळी मोजणारं स्वस्त यंत्र बसवायचं आणि पाणी ठरावीक खुणेवर आलं की सगळ्या रहिवाशांच्या फोनवर सूचना पाठवायची. दोन यंत्रं आम्ही हातानं जोडून तयार केली, एक कारेलीबागेतल्या सोसायटीत लावलं. ते चालत होतं. आजही चालतं आहे.

पुढच्या वर्षी इन्स्टाग्रामवर जाहिरात आली: विद्यार्थी उद्योजकांनी थेट गुंतवणूकदारांसमोर पिच करावं, म्हणजे आपली कल्पना मांडावी, नोंदणी फी ४,९९९ रुपये. अलकापुरीतल्या एका हॉटेलचा हॉल, मागे मोठा बॅनर, गळ्यात ओळखपत्रं, समोर कोट घातलेले तिघे. प्रत्येक टीमला पाच मिनिटं. आमचं बोलून झालं तेव्हा त्यांनी सेन्सरबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. विचारलं ते हे: घरी कोण कोण असतं, वडील काय करतात, घर स्वतःचं आहे का. तेव्हा ते आपुलकीचं वाटलं. आता कळतं की ते आमची कल्पना जोखत नव्हते, आमच्या घरातून किती निघेल हे जोखत होते.

हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. नंतर आम्ही हेच यंत्र कॉलेजच्या इन्क्युबेशन सेंटरमध्ये, म्हणजे नव्या उद्योगांना मदत करणाऱ्या केंद्रात, दाखवलं तेव्हा तिथल्या सरांनी अर्धा तास पिळून काढलं. गाळ साचला की सेन्सर चुकीचा आकडा देणार नाही का? पुरात वीज जाते, मग बॅटरी किती तास पुरेल? ती बदलायला कोण येणार? आजवर कुठल्या सोसायटीनं खिशातून पैसे दिले? आम्ही घामाघूम झालो, पण खरा रस असलेला माणूस हेच विचारतो. आणि बहुतेक वेळा नकारच देतो.

हॉटेलातल्या त्या कार्यक्रमानंतर लगेच आयोजकांकडून फोन आला. हिंदीत सुरुवात झाली, माझं आडनाव ऐकल्यावर गृहस्थ मराठीत आले. "अगं, म्हणजे आपलीच माणसं की! कुठं राहता, दांडिया बाजारात? आपली मुलं नोकरीच्या मागे लागतात, तुमच्यासारखी पुढं यायला हवीत." पुढचे सगळे फोन त्यांनीच केले, नेहमी "बेटा" म्हणून. गुजरातेत राहणाऱ्या मराठी घरांना आपल्या भाषेतलं कौतुक किती जवळचं वाटतं हे या लोकांना पक्कं ठाऊक असतं.

मग ईमेलवर टर्म शीट, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींचा कागद, आला. ४० लाख रुपये, बदल्यात १२ टक्के हिस्सा. म्हणजे दोन यंत्रं आणि एक सोसायटी एवढ्या भांडवलावर आमची किंमत सव्वातीन कोटींहून जास्त धरलेली. सही करून पाठवायला ७२ तास, कारण 'दुसऱ्या टीम रांगेत आहेत'. सही केल्यावर पहिली मागणी आली: व्हॅल्युएशन रिपोर्ट, म्हणजे किंमत ठरवणारा अहवाल, हवा, तो 'आमच्या पॅनेलवरच्या' माणसाकडूनच, २५,००० अधिक १८ टक्के जीएसटी, एकूण २९,५००. मग ड्यू डिलिजन्सची, म्हणजे गुंतवणुकीआधीच्या तपासणीची, फी, जीएसटीसह ५९,०००. त्यासाठी माझ्या मित्राच्या आजोबांनी मुदत ठेव मोडली. शेवटी एंजल टॅक्सची, म्हणजे नव्या कंपनीत येणाऱ्या गुंतवणुकीवरच्या कराची, अनामत, रकमेच्या एक टक्का, ४०,०००, 'पैसे खात्यात जमा झाले की परत'. त्याच्याबरोबर तिघांची आधार कार्डं, पॅन कार्डं आणि रद्द केलेले चेकही मागून घेतले.

४० लाख आले नाहीत. त्यानंतर परकीय चलनाच्या परवानगीसाठी आणखी ७५,००० मागितले, तेव्हा मित्राच्या काकूंना कागद दाखवले. त्या कंपन्यांची कायदेशीर कागदपत्रं बघणाऱ्या कंपनी सेक्रेटरीच्या ऑफिसात कितीतरी वर्षं काम करतात. टर्म शीट वाचता वाचता त्यांनी विचारलं, "अगं, पण तुमची कंपनी कुठाय?" कंपनी आम्ही स्थापनच केली नव्हती. शेअर देते ती कंपनी. जी अजून नोंदलेलीच नाही तिचे १२ टक्के कोण कुणाला देणार? खरा गुंतवणूकदार पहिल्या भेटीतच हे विचारतो.

मग काकूंनी लेटरहेडच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेल्या ओळीवर बोट ठेवलं. तो कंपनीचा ओळख क्रमांक, सीआयएन. एकवीस अक्षरं-आकडे असतात, आणि ते वाचता येतात. पहिलं अक्षर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे की नाही ते सांगतं, पुढचे पाच आकडे व्यवसायाचे, मग दोन अक्षरं राज्याची, मग चार आकडे स्थापनेच्या वर्षाचे. लेटरहेडवर वर लिहिलं होतं: मुंबई, २००६ पासून. खालच्या क्रमांकात राज्य उत्तर प्रदेशचं आणि वर्ष २०२३. कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर क्रमांक घातला तर तो भलत्याच नावाच्या कंपनीचा निघाला.

पावतीवरचा जीएसटी क्रमांकही त्यांनी तसाच उलगडला. पंधरा अक्षरांपैकी पहिले दोन आकडे राज्याचे: गुजरात २४, महाराष्ट्र २७. आमच्या पावतीवर ०९, म्हणजे पुन्हा उत्तर प्रदेश. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन, आणि पॅनचं चौथं अक्षर धारक कोण ते सांगतं, कंपनीसाठी सी, व्यक्तीसाठी पी. म्हणजे जीएसटी क्रमांकातलं सहावं अक्षर बघायचं. तिथं पी होतं. जीएसटीच्या पोर्टलवर ती नोंदणी रद्द झालेली दिसली. जमा न होणारा कर आमच्याकडून पावती देऊन वसूल केला होता. आणि यूपीआयवर पैसे ज्या खात्यात गेले त्यावर कुठल्याच संस्थेचं नाव नव्हतं, एका माणसाचं होतं.

एंजल टॅक्सचं तर मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण नुसतं शोधलं तरी सापडणारी गोष्ट होती. २०१२ मध्ये आलेला हा कर जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला, १ एप्रिल २०२५ पासून तो नाहीच. होता तेव्हाही तो पैसे घेणाऱ्या कंपनीच्या प्राप्तिकराचा भाग होता. गुंतवणूकदाराकडे त्याची अनामत ठेवायची अशी पद्धत कधीच नव्हती. 'सेबी मान्यताप्राप्त फंड' असंही त्यांनी छापलं होतं. सेबी म्हणजे शेअर बाजार आणि फंडांवर देखरेख करणारी सरकारी संस्था. एखादी व्यक्ती स्वतःचे पैसे गुंतवत असेल तर तिला सेबीची नोंदणी लागत नाही. पण अनेकांचे पैसे एकत्र करून गुंतवणारा फंड सेबीच्या २०१२ च्या नियमांखाली नोंदलेला असावा लागतो, आणि ती यादी सेबीच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. त्यांचं नाव तिथं नव्हतं.

खरी गुंतवणूक कशी येते तेही काकूंनीच समजावलं. खासगी कंपनीत पैसे येतात ते बँकेतून, कंपनीच्याच नावाच्या वेगळ्या खात्यात. आल्यापासून ६० दिवसांत शेअर द्यावे लागतात, नाहीतर रक्कम परत. शेअर दिल्यावर १५ दिवसांत त्याची नोंद सरकारकडे जाते. तपासणीला, वकिलाला खर्च येतो हे खरं, पण तो करार होताना ठरतो, आलेल्या रकमेतून वजा होतो. वीस वर्षांच्या मुलीला यूपीआयनं आगाऊ भरायला कुणी सांगत नाही.

पैसे हवे असतील तर दारं दुसरी आहेत. गुजरातचं विद्यार्थी स्टार्टअप धोरण, एसएसआयपी, २०१७ पासून चालू आहे आणि कॉलेजमार्फतच नमुना बनवायला अनुदान मिळतं. स्टार्टअप इंडियाची, म्हणजे केंद्राच्या नवउद्योग योजनेची, मान्यता घ्यायला सरकार एक पैसाही घेत नाही. २०२१ च्या सीड फंड योजनेत मान्यता मिळालेल्या नव्या कंपनीला इन्क्युबेशन केंद्रामार्फत कल्पना सिद्ध करण्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद होती, ती योजना सध्या चालू आहे का ते आधी बघा. हे सावकाश होतं, कागद लागतात, परीक्षकही कडक असतात. तरी आम्ही आता याच रस्त्यानं चाललो आहोत.

काकूंकडून घरी येता येताच आम्ही १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन केला आणि सायबरक्राईमच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली. शेवटचे ४०,००० समोरच्या खात्यात अजून पडून होते, ते गोठवले गेले. आधीचे पुढच्या खात्यांत निघून गेले होते. चार-दोन तासांचाही उशीर किती महागात पडतो हे यावरून समजा. पैसे गेले असं वाटताक्षणी १९३० लावा, घरच्यांना सांगायचं कसं या विचारात वेळ घालवू नका. गोठवलेले पैसे परत मिळावेत म्हणून न्यायालयात अर्ज केला आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा दाखल झाला आहे. आधार आम्ही बायोमेट्रिक लॉक केलं, तिघांच्या नावावर नवं कर्ज काढलं गेलंय का ते अधूनमधून तपासतो.

त्या हॉलमध्ये आमच्या पुढेमागे खूप टीम बसल्या होत्या. कुणी सौर कुकर आणला होता, कुणी गरब्याचे कपडे भाड्यानं देण्याचं अ‍ॅप. तुमच्यापैकी ज्यांनी नंतर फी भरली असेल त्यांनी रक्कम लहान आहे म्हणून सोडून देऊ नका. पावती, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, ईमेल आणि त्या गृहस्थांच्या फोनचं रेकॉर्डिंग असेल तर ते, काहीही पुसू नका, तसंच घेऊन सायबर पोलिसांकडे जा. एकाच खात्याविरुद्ध चार तक्रारी असल्या की तपास पुढे सरकतो. आमची तक्रार एकटीच आहे, तिला जोड हवी आहे.