लीगल रिस्पॉन्स इंटरनॅशनल: आठ महिने वाचल्यानंतर, रावेर तालुक्यातून

गेल्या गणपतीत विमा कंपनीचं भरपाई नाकारल्याचं पत्र आलं. मे महिन्याच्या उन्हात माझ्या केळीच्या बागेतले चारशेच्या वर घड सटकले होते, आणि पत्रात कारण एका ओळीचं: महसूल मंडळाच्या हवामान केंद्राची एका दिवसाची नोंद नाही, म्हणून भरपाईला लागणारे उन्हाचे सलग दिवस भरत नाहीत. हप्ता मात्र पूर्ण कापून घेतलेला. त्या रागात पुतणीला म्हटलं, उन्हाची भरपाई जगात कोणी कोणाला देतं का, ते तरी शोध. ती जळगावला वकिली शिकते. तिने ही साइट उघडून दिली.

संस्था लंडनची, 2009 पासूनची. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांकडे वकिलांची फौज असते. गरीब देशाची दोन-चार माणसं, आणि बैठका एकाच वेळी कितीतरी खोल्यांत. अशा प्रतिनिधींनी प्रश्न पाठवायचा, जाणकार वकील त्याचं उत्तर फुकट लिहून देतात. ही सोय गरीब देशांना आणि परिषदेत निरीक्षक असलेल्या संस्थांना आहे, तुम्हाआम्हाला नाही. पण दिलेल्या सल्ल्यांपैकी पुष्कळ सगळ्यांसाठी खुले ठेवलेत. मी वापरतोय ते हेच.

रात्रीच्या लाइटला मोटार चालू करून विहिरीवर बसायचं आणि मोबाइलवर वाचायचं, असे आठ महिने. इंग्रजी माझं बेताचं, त्यामुळे एका पानाला दोन रात्री लागतात. वाचणाऱ्याने तारीख आधी बघावी. 2015 च्या आधीचे सल्ले क्योटो या जुन्या हवामान कराराच्या काळातले आहेत, 2015 च्या पॅरिस हवामान करारानंतर बरंच बदललं.

पहिले तीन महिने मी नुसता चिडत होतो, आणि ते एका वाक्यावर. पॅरिस कराराचं कलम 8 हानी आणि नुकसानीबद्दल आहे. ते वाचून वाटलं, सापडलं. मग करार स्वीकारताना परिषदेने केलेल्या निर्णयाचा परिच्छेद 51 समोर आला: कलम 8 मध्ये दायित्व किंवा भरपाई येत नाही, आणि त्यासाठी त्याचा आधारही घेता येणार नाही. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने काढून घेतलं. वहीत तेव्हा मी लिहिलंय, ‘आपल्या कामाचं नाही, बंद करावं.’

ते मत आता राहिलं नाही. पुतणीने एकच विचारलं, “काका, हे वाक्य लिहिलंय कुठे?” बघतो तर ते करारात नाहीच, करारासोबतच्या निर्णयात आहे. दोन्हींचं वजन सारखं नाही. शिवाय ते बोलतं फक्त कलम 8 बद्दल, बाकीचा आंतरराष्ट्रीय कायदा जागच्या जागी आहे. नौरू आणि कुक आयलंड्सने तर कराराला मान्यता देतानाच लिहून दिलं की आम्ही आमचे हक्क सोडलेले नाहीत. एवढीशी बेटं, पण सही करताना शुद्धीवर होती. मी विम्याच्या अर्जावर सही करताना मागचं पानसुद्धा उलटलं नव्हतं.

पुढे वानुआतू या पॅसिफिक महासागरातल्या बेटांच्या देशाने पुढाकार घेतला. लोकसंख्या सव्वातीन लाखांच्या आसपास, म्हणजे आपला एखादा मोठा तालुका. 2023 साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं मत मागवलं आणि 23 जुलै 2025 ला ते आलं: हवामानाबाबतची कर्तव्यं मोडणाऱ्या देशाला, नुकसानीशी पुरेसा थेट संबंध दाखवता आला तर, भरपाई द्यावी लागू शकते. मत सल्लादायी आहे, बंधनकारक नाही. तरी ते वाचलं त्या रात्री मी विहिरीवर उशिरापर्यंत बसलो होतो.

केळीच्या बागेला यातून रुपया मिळणार नाही, हे स्पष्ट सांगतो. ज्याला तेवढंच हवं त्याने वेळ घालवू नये.

मी मात्र विमा कंपनीचं पत्र परत काढलं आणि त्याला पुतणीचाच प्रश्न लावला. नोंद चुकली की दिवस तुटतो, हे लिहिलंय कुठे? विमा योजनेचा शासन निर्णय तीनदा वाचला, मला ते वाक्य दिसलं नाही. पॉलिसीच्या कागदातही नाही. ते फक्त त्या पत्रात आहे. तसा अर्ज तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे दिलाय, पोच घेतली आहे. गावातल्या आणखी सहा जणांची पत्रं तशीच निघाली, शब्द न् शब्द तोच. पुढच्या मंगळवारी सातही जण जातोय.