स्त्रियांच्या हृदयविकारावरची प्रथमोपचार कार्यशाळा : शिकवणी उत्तम, सराव अपुरा

आमच्या सोसायटीच्या सभागृहात गेल्या महिन्यात एका प्रशिक्षण संस्थेने चार तासांची कार्यशाळा घेतली. विषय होता स्त्रियांना येणारा हृदयविकाराचा झटका ओळखणे आणि त्यावरचा प्रथमोपचार. शुल्क माणशी सहाशे रुपये. मी नाव नोंदवले ते मावशीमुळे. तीन वर्षांपूर्वी गौरीजेवणाच्या दिवशी सकाळपासून तिचा जबडा आणि पाठीचा वरचा भाग दुखत होता, पुरणपोळ्या लाटताना दरदरून घाम फुटत होता, आणि तिच्यासकट आम्ही सर्वांनी ते उपाशीपोटीचे पित्त ठरवून तिला कोकम सरबत दिले. पंगत उठली की दवाखान्यात जाऊ, असे ती म्हणाली. प्रत्यक्षात निघालो तेव्हा चार वाजून गेले होते. ती वाचली, परंतु आता एक जिना चढला तरी तिला धाप लागते.

प्रशिक्षिका अनेक वर्षे अतिदक्षता विभागात काम केलेल्या परिचारिका होत्या. छातीतील त्रास हेच स्त्रियांमध्येही सर्वाधिक आढळणारे लक्षण आहे, हे त्यांनी आरंभीच स्पष्ट केले, आणि ते फार बरे झाले, कारण ‘बायकांच्या छातीत दुखतच नाही’ असा एक नवाच गैरसमज हल्ली पसरतो आहे. फरक असतो तो इतकाच की, स्त्रिया त्याला दुखणे न म्हणता दडपण, आवळल्यासारखे किंवा जळजळ म्हणतात, आणि जोडीला धाप, मळमळ, घाम, जबडा, मान किंवा पाठदुखी आणि अकारण गळून गेल्यासारखा थकवा ठळकपणे असू शकतो. मधुमेह असलेल्या व्यक्तीला तर वेदना फारशी न जाणवताही झटका येऊ शकतो. गरोदरपणात रक्तदाब वाढलेल्या किंवा मधुमेह झालेल्या स्त्रियांना पुढे हृदयविकाराचा धोका अधिक असतो, हे ऐकून पहिल्या रांगेतल्या दोघीतिघी एकमेकींकडे पाहू लागल्या.

प्रथमोपचाराचा भाग नेमका होता. रुग्ण शुद्धीवर असेल तर तिला टेकून बसवावे, चालवू नये, जिना उतरू देऊ नये, आणि १०८ वर फोन करताना ‘चक्कर आली’ असे न सांगता ‘हृदयविकाराचा झटका असावा’ असेच सांगावे. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्राव नसेल आणि फोनवरील किंवा ओळखीचे डॉक्टर सांगत असतील, तर साधारण ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला द्यावी. रुग्णालयात पोहोचल्यावर ईसीजी दहा मिनिटांच्या आत निघावा, आणि पहिला ईसीजी चांगला आला तरी त्रास चालू असल्यास तो पुन्हा काढण्याचा आग्रह धरावा. शेजाऱ्यांच्या घरातली सॉर्बिट्रेटची (रक्तवाहिन्या सैल करणारी) गोळी जिभेखाली द्यावी का, या प्रश्नाला मात्र त्यांनी ‘बघून ठरवा’ असे गुळमुळीत उत्तर दिले. ती गोळी डॉक्टरांनी त्याच रुग्णाला लिहून दिलेली नसेल तर देऊ नये, कारण रक्तदाब एकदम उतरू शकतो, हे तेथे ठामपणे सांगायला हवे होते.

शुद्ध हरपली आणि श्वास नीट चालत नसेल तर सीपीआर, म्हणजे छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवणे. छातीच्या मध्यावर, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटीमीटर खोल दाब द्यायचा. सरावाच्या पुतळ्याच्या आतून ‘टक्’ असा आवाज आला की खोली बरोबर, आणि माझ्या पहिल्या वीस दाबांत तो केवळ चार वेळा आला. स्त्रीला हात लावायला पुरुष कचरतात, त्यामुळे तिला असे साहाय्य मिळण्याची शक्यता कमी होते, हे बाईंनी कसलाही आडपडदा न ठेवता सांगितले. एईडीचे, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राचे, एक पॅड उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली आणि दुसरे डाव्या काखेखाली उघड्या त्वचेवरच लावायचे, त्यासाठी ब्लाउज आणि आतले कपडे कापावे लागले तरी कापायचे, असे त्या म्हणताच सभागृहात शांतता पसरली.

पण दोन्ही पुतळे पुरुषी, सपाट छातीचे होते. ज्या संकोचाबद्दल बाई अर्धा तास पोटतिडकीने बोलल्या, तो मोडायचा सराव त्यांवर होणार कसा? शिवाय बत्तीस जणांना दोनच पुतळे, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम तीन मिनिटे आली, आणि एईडी तर केवळ पडद्यावरच दिसला. पुढच्या तुकडीत बाराच जण घ्यावेत आणि किमान एक पुतळा स्त्रीचा असावा, असे आम्ही संस्थेला लेखी कळवले आहे. ते मान्य झाले तर मी मावशीच्या दोन्ही सुनांचे शुल्क स्वतः भरणार आहे.